दिलगीर आहोत

गाडी उशिरा धावते आहे असे सांगून झाले की रेल्वेची इंग्रजी उद्घोषणा एका ठरावीक वाक्याने संपते. 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.' हे वाक्य कुणी ऐकत नाही. ज्याची कचेरीची वेळ चुकली, तो पुढच्या गाडीचा हिशेब करत असतो. वाक्यही ऐकले जावे म्हणून केलेले नसते. ते वाजते आणि संपते.

10 एप्रिल 2019 रोजी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे हाउस ऑफ कॉमन्समध्ये जालियनवाला बागेबद्दल बोलल्या. हत्याकांडाची शताब्दी तीन दिवसांवर आली होती. जे घडले त्याबद्दल आणि ज्या यातना झाल्या त्याबद्दल खेद, असा त्यांच्या वाक्याचा आशय. मूळचे शब्द महत्त्वाचे आहेत. खेदासाठी 'डीपली रिग्रेट'. यातनांसाठी 'सफरिंग कॉज्ड'.

दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. क्रियाविशेषण तेच. क्रियापद तेच. नामाच्या शेपटीला लटकलेले 'कॉज्ड' तेच. एकीकडे इनकन्व्हीनियन्स, दुसरीकडे सफरिंग. बाकी साचा एकच. लोकल वीस मिनिटे रखडली तरी तो चालतो. सरकारी मोजणीप्रमाणे 379 माणसे गोळ्या घालून मारली तरी चालतो.

इंग्रजीला शब्दांची चणचण होती, असे कोणी म्हणणार नाही. सॉरी आहे, अपॉलजी आहे, रिमोर्स आहे. शाळेत हे सगळे समानार्थी म्हणून पाठ करून घेतात. कोशातही एकाचा अर्थ दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगितलेला असतो. पण परराष्ट्र खात्याचे मसुदे करणारा माणूस त्यांना समानार्थी समजत नाही. समजला तर त्याची नोकरी जाईल. त्या दिवशी मे यांच्यानंतर विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन उठले. त्यांनी संपूर्ण, स्पष्ट, निःसंदिग्ध 'अपॉलजी' मागितली. म्हणजे शब्द हाताशी होता. सभागृहात मोठ्याने उच्चारला गेला होता. सरकारने तो उचलला नाही.

अपॉलजी आणि रिग्रेट यांत अंतर किती? रिग्रेट पावसाबद्दलही करता येतो. सामना रद्द झाला, रिग्रेट. जागा भरली आहे, रिग्रेट. तुमचा लेख साभार परत, रिग्रेट. करणारा मी असलो पाहिजे अशी या शब्दाची अट नाही. अपॉलजीची आहे. शेजाऱ्याने काच फोडली तर मला वाईट वाटू शकते, पण त्याच्या वतीने अपॉलजी द्यायची तर आधी त्याच्याशी काही नाते कबूल करावे लागते. (मूळ ग्रीकमध्ये अपॉलजी म्हणजे बचावाचे भाषण. सॉक्रेटिसच्या नावावरच्या त्या प्रसिद्ध अपॉलजीत त्याने कोणाची क्षमा मागितलेली नाही. शब्दाचा अर्थ पुढे पार उलटला. तो भाग वेगळा.)

सॉरी हा शब्द दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभा असतो. कोणाचे वडील गेले तरी सॉरी, पायावर पाय पडला तरी सॉरी. तरी त्याला एक ऊब आहे. रिग्रेटला नाही. रिग्रेट लेटरहेडवर शोभतो.

मराठीत हा फरक आपल्याला कोशात शोधावा लागत नाही. क्रियापदातच दिसतो. खेद वाटतो. दिलगिरी व्यक्त करतात. माफी मागतात.

'मला खेद वाटतो' या वाक्यात व्याकरणाने पाहिले तर कर्ता मी नव्हेच. कर्ता खेद आहे. थंडी वाजते, भूक लागते, तसा तो मला वाटतो. मी फक्त त्याच्या वाटेत उभा असतो. दिलगिरी व्यक्त करायला निदान तोंड उघडावे लागते, पण समोर कोणी असण्याची गरज नाही. रस्ता खोदला त्या जागी फलक लावूनही ती व्यक्त होते. जुन्या मराठीत तर दिलगीर म्हणजे नुसता खिन्न, उदास. त्यात चुकीचा संबंधच नव्हता. कचेऱ्यांना हा शब्द इतका का आवडला, हे त्यावरून कळावे.

माफी मात्र मागावी लागते. मागणाऱ्याचा हात पुढे असतो. देणारा दुसराच कोणी असतो आणि तो नाही म्हणू शकतो. शिवाय माफ करणाऱ्याच्या पदरचे काही जाते. सारा माफ होतो, फी माफ होते, कर्ज माफ होते. मागणारा तेवढ्यापुरता तरी दुसऱ्याच्या दारात उभा असतो. खरे म्हणजे इंग्रजी अपॉलजीतही इतके नाही. 'आय अपॉलजाइज' म्हटले की काम झाले. समोरच्याने काही द्यायचे उरत नाही. आपल्या 'माफी'च्या मानाने तो शब्द हलकाच. तोही लंडनला जड गेला.

आता पुन्हा त्या 'कॉज्ड'कडे येऊ. मराठी माणसाने लहानपणी आईपुढे हीच युक्ती करून पाहिलेली असते. 'कप फुटला.' 'फुटला की फोडलास?' जगातल्या सगळ्या चौकशी आयोगांचे काम या दोन क्रियापदांमध्ये मावते. सफरिंग कॉज्ड म्हणजे फुटला. आणि बाकीच्या अर्ध्या वाक्यात 'व्हॉट हॅपन्ड' आहे. म्हणजे घडले. मे यांच्या वाक्यात एक गोष्ट घडली आणि एक गोष्ट झाली. केले कोणीच काही नाही.

गंमत म्हणावी तर ज्याने केले त्याची भाषा अशी नव्हती. रेजिनाल्ड डायरने ऑगस्ट 1919 मध्ये वरिष्ठांना जो अहवाल दिला, त्यात त्याने सरळ प्रथमपुरुषी कर्तरी वाक्य लिहिले. मी गोळीबार केला आणि जमाव पांगेपर्यंत चालू ठेवला. त्याने स्वतः बंदूक हातात घेतली नव्हती. झाडणारे शिपाई 50 होते, गोळ्या 1,650. तरी कर्ता 'मी'. नोव्हेंबरमध्ये लाहोरला, हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे तो आला, तेव्हाही त्याने कर्ता लपवला नाही. समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. डायरच्या चिलखती मोटारी बाहेर राहिल्या, कारण बागेत जाणारा बोळ अरुंद होता. तो रुंद असता तर मशीनगन वापरल्या असत्या का, असे सेटलवाडांनी विचारले. बहुधा हो, असे उत्तर आले. जखमींचे काय केले? ते माझे काम नव्हते, इस्पितळे उघडी होती.

या माणसाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही. पण त्याचे वाक्य पूर्ण आहे. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. त्याच्या सरकारच्या वारसांनी शंभर वर्षांनी त्याच घटनेवर वाक्य केले आणि त्यातला कर्ता गेला. मारणाऱ्याला जे बोलायला लाज वाटली नाही, ते खेद करणाऱ्याला बोलता येत नाही.

मे यांनी याच निवेदनात आणखी एक शब्द वापरला. 'स्कार'. लाजिरवाणा व्रण. व्रण कोणाच्या अंगावर? ब्रिटिश-भारतीय इतिहासाच्या. म्हणजे जखमही इतिहासालाच झाली. जीव वाचवायला बागेतल्या विहिरीत उड्या टाकलेल्या माणसांचा या वाक्याशी संबंध लावायचा तर फार लांबून लावावा लागतो.

यावर एक ठरलेले उत्तर असते. कायद्याचे. अपॉलजी म्हटले की जबाबदारी आली, जबाबदारी आली की भरपाई आली. मे यांच्या निवेदनाच्या आदल्याच दिवशी, 9 एप्रिलला, वेस्टमिन्स्टर हॉलच्या चर्चेत परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री मार्क फील्ड यांनी तसे सुचवलेही. अपॉलजीचे आर्थिक परिणाम होऊ शकतात, खात्याला त्याचा विचार करावा लागतो, अशा अर्थाचे ते बोलले. ऐकायला हे व्यवहारी वाटते. पण इंग्लंडचाच 2006 चा कॉम्पेन्सेशन ॲक्ट आहे. त्याचे दुसरे कलम एका वाक्याचे. अपॉलजी दिली, एवढ्यावरून हलगर्जीपणाची कबुली दिली असे होत नाही. लोकांनी न घाबरता एकमेकांची क्षमा मागावी, म्हणून संसदेने केलेली ही सोय. ती डॉक्टरला आहे, दुकानदाराला आहे, नगरपालिकेला आहे. जालियनवाला बागेला ते कलम अक्षरशः लागू पडेल असे नव्हे. पण अपॉलजी म्हणजे कबुलीजबाब ही समजूत ज्या संसदेने स्वतःच मोडीत काढली, त्याच संसदेत तिचा आधार घ्यावा, हे मात्र पचत नाही.

बरे, पैशाची भीती म्हणावी तर पैसे दिले तिथे तरी शब्द बदलायला हवा होता. 6 जून 2013 रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी केनियातल्या माऊ माऊ बंडाच्या काळात ज्यांचे हाल झाले, त्यांच्याशी झालेली तडजोड जाहीर केली. 5,228 दावेदार, 1 कोटी 99 लाख पौंड. छळ झाला हे मान्य. रक्कम मान्य. शब्द? 'सिन्सिअरली रिग्रेट्स'. आणि त्याच निवेदनात, कायदेशीर जबाबदारी आम्ही नाकारतोच, हेही. पैसे गेले तरी शब्द गेला नाही. म्हणजे तो पैशापेक्षा महाग असला पाहिजे.

तो कोणासाठी राखून ठेवला आहे, हे डेव्हिड कॅमेरन यांच्या दोन वाक्यांवरून दिसते. 15 जून 2010. उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात 30 जानेवारी 1972 रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्या दिवशी 13 माणसे गेली. या गोळीबाराच्या सॅव्हिल चौकशीचा अहवाल आल्यावर पंतप्रधान कॅमेरन सभागृहात उभे राहिले. सरकारच्या आणि देशाच्या वतीने म्हणाले, 'आय ॲम डीपली सॉरी'. इथेही 'डीपली' आहे. पण पुढे सॉरी आहे आणि सुरुवातीला 'आय' आहे. चांगले वाक्य होते. डेरीच्या चौकात ते पडद्यावर ऐकणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारी 2013. तेच कॅमेरन अमृतसरला आले. बागेत मान खाली घालून उभे राहिले. अभ्यागतांच्या वहीत त्यांनी ही घटना 'डीपली शेमफुल' असल्याचे लिहिले. पुन्हा 'डीपली'. अपॉलजी का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की हे माझ्या जन्माच्या चांगली चाळीस वर्षे आधीचे आहे. हिशेब बरोबर आहे. कॅमेरन 1966 चे. पण डेरीच्या गोळीबाराच्या वेळी ते पाच वर्षांचे होते. पाच वर्षांच्या मुलाने त्या दिवशी डेरीत काय केले असेल, ज्याबद्दल पुढे त्याने 'आय ॲम सॉरी' म्हणावे? काहीच नाही. तिथे ते देश म्हणून बोलले. अमृतसरला आले तेव्हा एकदम व्यक्ती झाले, जन्मतारखेसकट.

आतल्या माणसाला सॉरी, बाहेरच्याला रिग्रेट. डेरी आजही त्यांच्या राज्यात आहे. तिथे मतदार आहेत. अमृतसर आणि नैरोबी नाहीत. दुसरे कारण आम्हाला तरी दिसत नाही.

भारतात हा भेद कोणाला कळत नाही, असे समजू नये. योगायोग असा, की मे बोलल्या त्याच 10 एप्रिलला आपल्याकडे एक प्रकरण सुरू झाले. राफेल विमानांच्या व्यवहाराच्या कागदपत्रांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राहुल गांधींनी आपली निवडणुकीतली घोषणा न्यायालयाच्या तोंडी घातली. अवमानाची याचिका आली. त्यांच्या 22 एप्रिलच्या प्रतिज्ञापत्रात 'रिग्रेट' होता. पुढच्याही प्रतिज्ञापत्रात रिग्रेटच. तो कंसात का घातला आहे, इथपर्यंत 30 एप्रिलला खंडपीठासमोर बोलणे झाले. 8 मे रोजी तिसरे प्रतिज्ञापत्र आले. त्यात बिनशर्त अपॉलजी. एका राजकीय वाक्यासाठी, ज्यात कोणाला खरचटलेही नव्हते, रिग्रेटपासून अपॉलजीपर्यंतचे अंतर चार आठवड्यांच्या आत चालून घेतले गेले. आमचे म्हणणे न्यायालयाबद्दल नाही. दोन शब्दांतली वाट चालता येते आणि ती किती लांब आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, एवढेच.

आपल्या सभागृहांत तर रिग्रेटच्याही अलीकडची एक पायरी आहे. 'भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो.' त्यातले 'असतील तर' हे थेरेसा मे यांनाही सुचले नव्हते. निदान यातना झाल्या, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आणि वर्तमानपत्रांचे काय? लंडनहून बातमी आली की उपसंपादकापुढे तीन शब्द असतात. खेद, दिलगिरी, माफी. मथळ्याची जागा ठरलेली. 'माफी' आणि 'खेद' दोन्ही दोन अक्षरांचे. जागेची सबब चालत नाही. तरी अशा बातमीवर 'माफी' सहज पडते. कारण इतके मोठे हत्याकांड, इतकी वर्षे, इतक्या मोठ्या पदावरची व्यक्ती, तिने आणखी काय मागितले असणार? वाचकाला वाटते, मागितली. मूळ वाक्यात जे दिले नव्हते, ते भाषांतरात आपणच त्यांच्या पदरात घालून मोकळे होतो. इंग्रजी मसुदा करणाऱ्याने घासाघीस करून वाचवलेला शब्द मराठीत फुकट जातो.

2019 च्याच सप्टेंबरात कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला आले. सरकारच्या वतीने मी बोलू शकत नाही, असे त्यांनी आधीच सांगितले. मग 'अशेम्ड' आणि 'सॉरी' हे दोन शब्द वापरले आणि बागेच्या जमिनीवर पालथे पडले. साष्टांग. ज्याच्या हाती काही नव्हते त्याने शब्दही दिला आणि अंगही टाकले.

बागेतल्या एका भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. तिथे एक इंग्रजी पाटी असे. भाषा ओबडधोबड, वाक्य लांबलेले, व्याकरण जेमतेम. भिंतीला ऐतिहासिक महत्त्व आहे, तिच्यावर 36 खुणा सहज दिसतात, आणि या गोळ्या जमावावर झाडल्या गेल्या, असे तीत म्हटले होते. इथपर्यंत वाक्य कर्मणीच आहे. झाडल्या गेल्या. मे यांचा मसुदा करणारा इथेच थांबला असता. पाटी लिहिणारा थांबला नाही. त्याने पुढे लिहिले, 'बाय द ऑर्डर ऑफ जनरल डायर'.